वेलीचं लग्न आणि मोडलेला मांडव
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

सोनोमाच्या सहलीनंतर कार्यकारिणीने मला फर्मावलं, "इटालियन वाइनवर दहा मिनिटं बोला." मी काही पिण्यातला दर्दी नव्हे. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, त्यामुळे ग्लासापेक्षा वेलीबद्दलच जास्त बोलेन. चालेल ना?

इटलीत वाइनला बऱ्याचदा द्राक्षाचं नव्हे, गावाचं नाव असतं. बारोलो हे पिएमोंतेमधलं गाव, तिथलं द्राक्ष नेब्बिओलो. दर खोऱ्याचं द्राक्ष वेगळं, वेल वाढवायची रीतही वेगळी. नेपल्सजवळ आव्हेर्साला आस्प्रीनियो जातीच्या वेली पॉप्लरच्या झाडांवर चढवतात, पार पंधरा मीटरपर्यंत! तोडणीला उंच शिड्या लागतात. अशा वेलीला तिकडे 'विते मारिताता' म्हणतात, म्हणजे लग्न झालेली वेल. आपल्याकडे दिवाळीनंतर तुळशीचं लग्न, त्यांच्याकडे द्राक्षवेलीचं. आणि दक्षिणेला पुलियात तर चक्क आपल्यासारखा मांडव असतो. त्याला म्हणतात 'तेंदोने'.

ही माणसं इथे आली ती हे सगळं घेऊनच. १८८१ साली सोनोमा काउंटीत 'इटालियन स्विस कॉलनी' निघाली. तिथल्या वस्तीला पिएमोंतेतल्या शहराचंच नाव दिलं, आस्ती. पुढे १९२० ते १९३३ दारूबंदी. वाइनरींना कुलुपं लागली, पण घरच्यापुरता वर्षाला २०० गॅलन फळांचा रस करायला मुभा होती. मग न्यूयॉर्क-शिकागोकडची इटालियन कुटुंबं रेल्वेने आलेली कॅलिफोर्नियाची द्राक्षं पेट्यांनी घ्यायची आणि तळघरात 'रस' करायची! कितीतरी बागा त्यावर तगल्या.

हे वाचलं तेव्हा मला आमचा धाकटा भाऊ आठवला. २००१ साली महाराष्ट्र सरकारचं वाइनसाठीचं धोरण आलं, नाशिकचं नाव गाजू लागलं. मी इथून फोनवर त्याला सल्ले देत सुटलो, "अरे, थॉम्पसन किती दिवस लावणार? शिराज लाव." (थॉम्पसनही मुळात कॅलिफोर्नियातूनच पसरलेलं नाव, ते सोडा.) अण्णांना पटलं नव्हतं. "दारूची द्राक्षं कशाला?" म्हणाले. तरी भावाने दोन एकरांवरचा मांडव मोडला, वाइनच्या द्राक्षांसाठी उभ्या तारा ताणल्या. मोठा भाऊ अमेरिकेत, त्याला कळत असणार!

२००८च्या मंदीनंतर वाइनची मागणी बसली. ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचलला नाही. खायचं द्राक्ष असतं तर बाजार समितीत गेलं असतं, नाहीतर बेदाणा झाला असता. शिराजचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. तो कोण खाणार? आव्हेर्साच्या शेतकऱ्याच्या आजूबाजूला पिढ्यान् पिढ्या जेवणाबरोबर ती वाइन पिणारी घरं होती. आमच्या गावात वाइन पिणारं एकही घर नव्हतं, आमचंसुद्धा नाही. हा साधा हिशेब मी फोनवर कधी मांडलाच नाही.

वेली उपटल्या तेव्हा भावाने मला कळवलंही नाही, आईकडून कळलं. मी निम्मा खर्च देऊ केला. त्याने घेतला नाही.

आज त्या दोन एकरांवर पुन्हा मांडव आहे, पुन्हा थॉम्पसन. परवा त्याला या भाषणाबद्दल सांगितलं, तर हसून म्हणाला, "दादा, तुझ्या त्या इटलीवाल्यांना विचार जरा, बेदाणे घेतात का!"