अनाथ कोणास म्हणावे?



वर्धापनोत्सवात दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. पाठशाळेत व्याकरण शिकविणाऱ्याने समासाविषयी बोलावे अशी आपली अपेक्षा असेल. ती मी एका शब्दापुरती पुरवितो. 'अनाथ' हा बहुव्रीहि समास. ज्यास नाथ नाही तो. परंतु बालगृहांतील ज्या मुलांना आपण सर्रास अनाथ म्हणतो, त्यांतील पुष्कळांची आई अथवा वडील हयात असतात. बाप अंथरुणास खिळतो, भाडे थकते, आई दिवसभर मजुरीस जाते, आणि मूल संस्थेच्या दारी येते.

मागे एक विधवा माउली दोन मुलांना घेऊन पाठशाळेत आली. "ठेवून घ्या, महाराज," एवढेच म्हणाली. थोरल्यास विद्येची आवड होती. धाकटा तिचा पदर सोडीना. तिला मुले जड झाली नव्हती, महिन्याची तोंडमिळवणी होत नव्हती. अशा वेळी मुलास ठेवून घेणे हे पुण्य असे आपल्याला सहज वाटते. मला ते अपुरे वाटते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचेही धोरण असे आहे की, मुलाचे पहिले स्थान कुटुंब, आणि संस्था हा अखेरचा उपाय. मिशन वात्सल्य योजनेत पात्र कुटुंबास मुलामागे दरमहा ४००० रुपये साहाय्य मिळते. आम्ही तिच्यासह जिल्हा बाल संरक्षण कक्षात गेलो. तेथील कार्यकर्तीने घरी येऊन चूल पाहिली, शेजाऱ्यांशी बोलणे केले, शाळेतील हजेरी तपासली, धाकट्याशी तर अंगणात बसून गोट्या खेळल्या! हे काम वाटते तितके सौम्य नव्हे. ज्या घरात मुलास मारहाण होते तेथून त्यास बाहेर काढावयाचे की आईबापांना आधार देऊन तेथेच सांभाळावयाचे, याचा निर्णय अध्यक्ष व चार सदस्यांच्या बाल कल्याण समितीपुढे बहुधा याच अहवालाच्या आधारे होतो.

दुसरी गोष्ट क्षेत्रांच्या ठिकाणची. पंढरपुरात १८७५ साली प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी बालकाश्रम काढला, तो टाकून दिलेल्या अर्भकांची दैना पाहूनच. आजही देवळाच्या पायरीवर एखादे मूल सापडते, आणि कोणी निःसंतान दांपत्य त्यास देवाचा प्रसाद मानून घरी नेऊ पाहते. त्यांचे दुःख मी जाणतो. तरी तसे करू नये. अशा मुलाची वर्दी चोवीस तासांच्या आत द्यावी लागते. न देणे हा अपराध आहे. कदाचित त्याची आई भानावर येऊन त्यास शोधीत असेल. जी माता समितीपुढे येऊन मूल स्वाधीन करते, तिलाही फेरविचारासाठी कायद्याने दोन महिने दिले आहेत.

आता थोडे अप्रिय बोलतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेची अब्रू राखण्यासाठी प्रकरण आतल्या आत मिटविणाऱ्या संस्थाप्रमुखास कारावास होऊ शकतो. मठ आणि पाठशाळा यांस त्यातून सूट नाही; असूही नये. आपल्या गोमंतकात तर २००३ सालीच स्वतंत्र बाल अधिनियम झाला आहे.

आमच्या भोजनगृहाच्या भिंतीवर १०९८ हा आकडा ठळक लिहविला आहे. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झालेला हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक. एका वृद्ध यजमानांनी विचारले, "येथे कोणास कसले भय?" मी त्यांना म्हटले, हे मुलांना विचारावे, आणि त्या वेळी मी तेथे नसावे.