जुनी मोटार आणि नवे ठिगळ



फावल्या वेळेत जुन्या मोटारीत फेरफार करीत बसणे हा छंद वरकरणी खर्चिक आणि निरुद्योगी वाटतो. आठवडाभर कचेरीत लेखणी चालविणारा गृहस्थ रविवारी हातात पाना घेऊन गाडीखाली उताणा पडलेला पाहिला, म्हणजे शेजाऱ्यांना हसू येते. परंतु या छंदात बुद्धीला जेवढे खाद्य आहे तेवढीच जबाबदारीही आहे; कारण चित्रकाराचे चित्र बिघडले तर कागद वाया जातो, मोटार बिघडली तर रस्त्यावरच्या परक्या माणसाचा जीव धोक्यात येतो.

आपल्याकडे या छंदासाठी सर्वांत आवडीची गाडी म्हणजे फियाट ११००. तिचा मूळ आराखडा १९५३ साली इटलीत अवतरला. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती १९६४ पासून ‘डिलाइट’ या नावाने बनू लागली, १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली आणि शतक सरत आले तोवर टिकून राहिली. मुंबईच्या टॅक्सींमधूनही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिने निरोप घेतला. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर, असा तिचा साधा संसार. ज्यांच्याकडे ती आज आहे, त्यांना साहजिकच वाटते की हिला थोडी चपळ करावी, थोडी नवी करावी.

शुभवर्तमानात येशू ख्रिस्ताने सांगितलेला एक लहानसा दृष्टान्त येथे आठवतो. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावले, तर ते ठिगळ आकसते आणि जुने वस्त्र अधिकच फाटते. त्यातील आध्यात्मिक अर्थ निराळा आहे. पण यंत्राच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरतो.

समजा, कोणी या गाडीत अधिक शक्तीचे इंजिन बसविले. ताशी ६० किलोमीटरच्या जागी ती आता सहज ८० ने धावते. वेग वाढला एक तृतीयांशाने. परंतु गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती झाली जवळजवळ पावणेदोन पट. ही सारी ऊर्जा थांबताना ब्रेकला उष्णतेच्या रूपाने पोटात घ्यावी लागते. ड्रम तापला की तो प्रसरण पावतो, आतील शूंपासून दूर सरतो. लायनरची पकडही उष्णतेने सुटू लागते. आंबोलीचा वा चोर्ल्याचा घाट उतरताना पेडल दाबूनही गाडी आवरेनाशी होते, त्याचे कारण हेच. म्हणून या छंदाचा पहिला नियम असा : आधी थांबण्याची सोय, मग धावण्याची.

ठीक आहे, मग पुढे डिस्क ब्रेक लावू, असे कोणी म्हणेल. विचार उत्तम आहे. डिस्क उघड्यावर असल्यामुळे लवकर निवते. पण ठिगळाची गोष्ट येथेही सुटत नाही. ड्रममधील शू चाकाच्या फिरण्यानेच अधिक घट्ट ओढला जातो. डिस्कला हे साहाय्य नाही, म्हणून पायाला अधिक जोर लागतो आणि व्हॅक्यूम बूस्टर बसवावा लागतो. ड्रम ब्रेकसाठी केलेल्या अनेक मास्टर सिलिंडरांत एक झडप असते. पेडल सोडल्यावरही ती नळीत थोडा दाब राखते. शूंना मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा असल्यामुळे ड्रमला तो बाधत नाही. डिस्कला तशा स्प्रिंगा नसतात, म्हणून तोच दाब पॅड सतत घासत ठेवतो. शिवाय पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल सांभाळावा लागतो. मागची चाके आधी जखडली तर गाडी ओल्या रस्त्यावर गर्रकन फिरते. एका सुधारणेच्या पाठोपाठ अशा तीन सुधारणा येतात, आणि त्या तिन्ही करणार नसू तर पहिलीही न केलेली बरी.

विजेचेही तसेच. ४५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर ओढतात. १०० वॅटचे दोन लावले की हा प्रवाह सतराच्या घरात जातो. जुन्या वायरी तापतात, स्विच जळतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. त्यापेक्षा मूळ शक्तीचेच दिवे ठेवून, त्यांना रिले व नव्या जाड वायरी दिल्या, तर प्रकाश स्वच्छ पडतो आणि आगीची भीतीही कमी होते.

या गाडीला निराळी चासी नाही. पत्र्याची कायाच तिचा सांगाडा आहे. दाराखालची पट्टी गंजली असेल, तर रंग आणि चमकदार चाके यांवर पैसे घालण्यापूर्वी ती पट्टी कापून नवा पत्रा वेल्ड करावा. सीटबेल्ट बसवायचा तर पातळ पत्र्याला नुसते भोक पाडून भागत नाही. मागे जाड पट्टी द्यावी लागते. असे भाग घडविणारे कुशल हात आपल्याजवळच आहेत. बेळगावच्या उद्यमबागेतील लेथवर काय होत नाही!

कायद्याचेही भान हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कसोशीने पाळण्यास सांगितले. म्हणून इंजिन बदलण्याचा विचार मनात आला, तर मेकॅनिकच्या आधी परिवहन कार्यालयाची पायरी चढावी. दुसरी गोष्ट, २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षे ओलांडलेली आणि मूळ रूपात जपलेली खासगी मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. १९७४ ची पहिली पद्मिनी आता त्या वयाची झाली आहे. हौसेने कापलेला डॅशबोर्ड तिचा हा मान कायमचा घालवू शकतो.

याचा अर्थ गाडीला हातच लावू नये असा नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तो पुरता पारखल्यावाचून दुसरा हाती घेऊ नये. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर नवा खडखडाट कोणाचा हे कळत नाही. शक्य तो नवे भोक पाडू नये, जुने कापू नये. काढलेला प्रत्येक भाग तेलाचा हात देऊन, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा, आणि काय केले, केव्हा केले, हे एका वहीत तारखेनिशी लिहावे. पुढे गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला किल्लीबरोबर ती पेटी आणि ती वहीही द्यावी. म्हणजे आपण लावलेले ठिगळ त्याला हवे तर ठेवता येईल, आणि नको असेल तर वस्त्र न फाडता उसवता येईल.