अर्ध्या सेकंदाचा ताळा



‘कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर बोल, पण आम्हाला कळेल असं बोल,’ अशी आज्ञा झाली आहे. म्हणून एकच घडलेली गोष्ट सांगते.

इंटरनेटवरचे बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. त्यात फाइल दाबून लहान करणारं ‘एक्सझेड’ नावाचं एक छोटं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असतं. वर्षानुवर्षं ते मुख्यतः लासे कॉलिन हा एकटा माणूस सांभाळत होता, तेही बिनपगारी, फावल्या वेळात. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला: काम रेंगाळतंय, दुसऱ्या कुणाकडे तरी सोपव. आपली मानसिक तब्येत बरी नसते, हे त्याने तेव्हा मोकळेपणाने सांगितलं होतं.

त्याच काळात ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी निमूटपणे मदत करत होतं. त्या नावाने विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि फेब्रुवारी २०२४ च्या ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. ज्याच्याकडे ठरावीक गुप्त किल्ली, त्याला अशा सर्व्हरमध्ये थेट शिरता आलं असतं. धोक्याची पातळी ठरली १० पैकी १०.

हे पकडलं मायक्रोसॉफ्टमधल्या अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. तो डेटाबेसच्या वेगाची मोजमापं घेत होता. सर्व्हरवर लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. ‘असेल काहीतरी’ म्हणून त्याने सोडून दिलं नाही. २९ मार्च २०२४ रोजी त्याने सगळं जगापुढे मांडलं. तोवर ही आवृत्ती मुख्यतः चाचणीच्या लिनक्समध्येच पोहोचली होती, म्हणून निभावलं.

आपल्याला गणितात शिकवलं होतं, उत्तर आलं तरी ताळा करून पाहायचा. आमच्या क्षेत्रात त्याहून मोठं शस्त्र मला अजून सापडलेलं नाही. तुमच्याही ते उपयोगाचं आहे. फोनवर ‘पोलीस बोलतोय, आत्ताच्या आत्ता पैसे भरा’ असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवा. पोलीस ठाण्याचा किंवा बँकेचा नंबर स्वतः शोधून विचारा. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर तक्रार करा.

आणि एक. थकलेल्या माणसावर सगळा भार एकट्याने पडला, की तिथेच फट पडते. आपल्या मंडळाच्या याद्या, वर्गणी आणि हिशेब दोघंतिघंच सांभाळतात. जेवायला बसण्याआधी त्यांना विचारा, ‘यातलं मी काय करू?’ मदत करणाऱ्याच्या कामाचाही ताळा घेतला जावा. त्यात अविश्वास कसला? आपल्या वह्या बाई रोज तपासायच्याच ना!