क्षीण बलाची गोष्ट

(दहावी १९९६ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू इंजिनिअर झालीस, विज्ञानावर काहीतरी बोल. पण दहा मिनिटांत आटप." लगेच ग्रुपवर एकीने लिहिलं, "आणि आम्हाला समजेल असं बोल." दोन्ही अटी मान्य करून उभी आहे.

तुम्हाला आठवतं का, दहावीचा पोर्शन संपल्यावर एका तासाला बाईंनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या होत्या? गुरुत्वाकर्षण बल, विद्युतचुंबकीय बल, प्रबळ केंद्रकीय बल आणि क्षीण केंद्रकीय बल. "निसर्गातली मूलभूत बलं एवढीच. परीक्षेला नाही, पण माहीत असू दे," असं त्या म्हणाल्या. परीक्षेला नाही म्हटल्यावर निम्म्या वर्गाने पेनांची टोपणं लावली. मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं.

पहिली दोन बलं बाईंनी आपल्या कळव्यातूनच समजावली. खाडीला भरती-ओहोटी येते ती चंद्र आणि सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे. कारशेडमधून सकाळी लोकल निघते ती विद्युतचुंबकीय बलावर. मग त्यांनी टेबलावर टाचणी ठेवली आणि वरून छोटासा चुंबक धरला. टाचणी टुणकन वर गेली. "अख्खी पृथ्वी टाचणीला खाली ओढतेय, आणि बोटभर चुंबकाने तिला हरवलं. मग सांगा, मोठं बल कोणतं?" आपण सगळे गप्प. पुढे कॉलेजात आकडा कळला. दोन प्रोटॉन एकमेकांना विजेमुळे ज्या जोराने ढकलतात, तो जोर त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणापेक्षा १ वर ३६ शून्यं इतक्या पटीने जास्त असतो.

एकमेकांना इतकं ढकलणारे प्रोटॉन अणूच्या केंद्रकात दाटीवाटीने राहतात कसे? त्यांना बांधून ठेवतं ते तिसरं, प्रबळ बल. आपल्या याच खाडीच्या काठाने दक्षिणेला गेलं की ट्रॉम्बे लागतं. तिथल्या अणुभट्ट्यांचा सगळा कारभार या केंद्रकांच्या बांधणीवर चालतो. इथपर्यंत वर्गाला पटलं होतं.

चौथ्या नावाला मात्र वर्ग हसला. क्षीण म्हणजे वीक! आपल्याकडे "वीक" हा शब्द शेवटच्या बाकासाठी राखीव होता. "ए वीक फोर्स, उत्तर सांग," असं कुणीतरी मागे वळून ओरडलं. ते ओरडणारी मी होते. जिला ओरडले, ती आज इथे चौथ्या रांगेत बसली आहे. तिच्याकडे पुन्हा येते.

सहा वर्षांपूर्वी माझ्या गळ्यावर एक गाठ लागली. तपासण्या झाल्या, थायरॉइडचा कर्करोग निघाला. ऑपरेशनने ग्रंथी काढली आणि उरल्यासुरल्या पेशींसाठी डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीन सुचवलं. त्याआधी दोन आठवडे आयोडीन नसलेलं मीठ, आणि मासे बंद. कळव्यात राहून मासे बंद, हा खरा आजार, असं आई म्हणाली. शरीराला आयोडीनची भूक लागावी म्हणून हे सगळं.

गोळी शिशाच्या डब्यात आली. डब्यावर वाशीचा पत्ता होता. तिथे अणुऊर्जा विभागाची 'ब्रिट' ही संस्था आहे. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून असं आयोडीन तयार करतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरची स्थापना १९६३ची, तेव्हापासून आपल्याकडे या उपचारांची परंपरा आहे. माझ्यासाठी मात्र तो जगातला पहिलाच डबा होता. टेक्निशियन झाकण उघडून लांब सरकला आणि मी एकटीने ती गोळी गिळली.

दार बंद झालं आणि मला बाईंचा फळा आठवला. तुम्हाला गंमत वाटेल, पण त्या खोलीत चारही बलं हजर होती. मला खोलीत जमिनीवर ठेवायला गुरुत्वाकर्षण. रक्तातून वाहणारं आयोडीन थायरॉइडच्या पेशींनी नेमकं ओळखून आत घेतलं, ते रसायनशास्त्र, म्हणजे मुळात विद्युतचुंबकीय बल. आयोडीन-१३१च्या केंद्रकात ५३ प्रोटॉन आणि ७८ न्यूट्रॉन, त्यांना धरून ठेवणारं प्रबळ बल. पण या तिघांनी मिळून नुसतं औषध पत्त्यावर पोचवलं. उपचार त्यांच्या हातात नव्हता.

उपचार केला क्षीण बलाने. त्याच्यामुळे एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. ५३चे ५४ झाले की आयोडीन आयोडीन राहत नाही, त्याचा झेनॉन होतो. त्या क्षणी एक इलेक्ट्रॉन जोरात बाहेर पडतो आणि जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातो. तेवढ्यात आजूबाजूच्या रोगट पेशी मरतात, लांबच्या बऱ्याचशा वाचतात. बाकीची बलं ओढतात, ढकलतात, बांधतात. न्यूट्रॉनचा प्रोटॉन करणं, म्हणजे एका जातीच्या कणाची जात बदलणं, हे फक्त क्षीण बलाला जमतं.

मग त्याला क्षीण का म्हणतात? ज्या डब्ल्यू कणामार्फत ते हे काम करतं, तो प्रोटॉनच्या सुमारे ८५ पट जड आहे. त्यामुळे त्याची पोच अगदी तोकडी, प्रोटॉनच्या आकाराच्याही हजाराव्या भागाइतकी. म्हणून ते क्वचित आणि सावकाश घडतं. पण हा सावकाशपणाच आपल्याला पोसतो. सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना पहिली पायरी क्षीण बलाची असते. ती इतकी संथ आहे म्हणून सूर्य एका दमात जळून गेला नाही, साडेचार अब्ज वर्षांहून अधिक काळ तेवतो आहे.

त्या खोलीत मला भेटायला कुणी येऊ शकत नव्हतं, माझ्यातून गॅमा किरण बाहेर पडत होते ना. भरपूर पाणी प्यायचं, लिंबाच्या गोळ्या चघळायच्या, एवढाच उद्योग. नर्स लांबून मीटर धरून रीडिंग घ्यायची. सॉफ्टवेअरवाली मी, लॅपटॉप नव्हता तर कागदावर गणित मांडलं. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणजे तिसऱ्या दिवशी साधारण तीन चतुर्थांश उरायला हवं. रीडिंग त्याच्या कितीतरी खाली आलं! मी घाबरले, औषध लागूच पडलं नाही की काय? नर्स हसून म्हणाली, "ताई, एवढं पाणी प्यायलात ते कुठे गेलं?" पेशींनी न घेतलेलं आयोडीन लघवीवाटे निघून जातं, हे माझ्या गणितात नव्हतंच.

आणखी एक गोष्ट त्या खोलीतून बाहेर जात होती. प्रत्येक इलेक्ट्रॉनबरोबर एक प्रतिन्यूट्रिनो निघतो. त्याला भिंत नाही, दार नाही, तो पृथ्वीतूनही आरपार जातो. असे कण सापडणं महाकठीण. आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, १९६५ साली वातावरणातून आलेले न्यूट्रिनो नोंदवले. जगात ते सर्वप्रथम नोंदवणाऱ्या दोन प्रयोगांपैकी तो एक. मी खिडकीकडे बघत विचार करायचे, माझ्यातून निघालेले कितीतरी कण या क्षणी कळव्यातल्या माझ्या घरातून पार होत असतील, आणि लेकीला पत्ताही नसेल.

लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. दवाखान्यातून सुटल्यावरही मला काही दिवस तिच्यापासून लांब राहायचं होतं. नवऱ्याची नोकरी, आईचं वय. अशा वेळी एक मैत्रीण घरी आली आणि म्हणाली, "पोरीला माझ्याकडे दे. गृहपाठ तेवढा मला येणार नाही, बाकी सगळं बघते." दहा दिवस तिने लेकीला सांभाळलं, शाळेत सोडलं, रात्री जवळ घेऊन झोपवलं. आमच्या घरात लायक माणसं पुष्कळ होती. ते काम मात्र तिनेच केलं. हीच ती, जिला मी वर्गात "वीक फोर्स" म्हणून हाक मारली होती. तिची माफी मी तेव्हा मागितली नाही, भीड वाटली. आज बाईंच्या साक्षीने मागते.

माझे रिपोर्ट आता नॉर्मल आहेत. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, वर्षातून एकदा तपासणी. तुम्ही सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहात, गळ्यावर गाठ हाताला लागली तर ग्रुपवर विचारत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि बाई, ते वहीचं मागचं पान अजून माझ्याकडे आहे. परीक्षेला आलं नाही, पण उपयोगी पडलं.