क्रीडांगण : काटकसर कोठे करावी?



क्रीडांगण बांधावयाचे म्हटले की पैसा अपुरा पडतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. तेव्हा काटकसर करावी की नाही, हा वादाचा विषयच नव्हे; ती कोठे करावी, हा खरा प्रश्न होय.

मुंबईचे वानखेडे स्टेडियम घ्या. ब्रेबोर्न स्टेडियम मैलाच्या आत उभे असताना, प्रेक्षकांच्या जागांच्या वाटणीवरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट असोसिएशन यांचे बिनसले व असोसिएशनने स्वतःचे मैदान बांधले. अवघ्या वर्ष-सव्वा वर्षात काम उरकून जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सामना झाला. पराक्रम खराच! पण रूळांना खेटून असलेल्या त्या चिंचोळ्या जागेत प्रेक्षक दाटीवाटीने बसविले गेले. २०११ च्या विश्वचषकापूर्वी पुनर्बांधणी झाली, तेव्हा बैठका सुमारे ४५ हजारांवरून ३३ हजारांवर आल्या. छप्पर बदलले, खुर्च्या बदलल्या. जमीन मात्र होती तेवढीच राहिली. वरचे मागाहून सुधारता येते, खालचे नाही, हा यातला बोध.

आता चाकूरसारख्या तालुक्याच्या गावाचा विचार करू. आठ जण एकदम धावतील अशा ४०० मीटरच्या धावपट्टीला सुमारे १७७ मीटर लांब व ९३ मीटर रुंद, म्हणजे चार एकर जागा लागते. आज दोन एकरांत भागविले, तर भोवती घरे उठल्यावर उरलेले दोन एकर कोण देणार? दुसरे, आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती खणून काढणे, मुरमाचे थर दाबून बसविणे, पाण्याचा निचरा करणे, यावर खर्च झालाच पाहिजे. जमिनीखालच्या कामावर कोनशिला बसत नाही, म्हणून कात्री आधी तेथेच लागते! तिसरे, ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्या जिल्ह्याने पाहिली, त्याने खांबांतल्या लोखंडात काटकसर करू नये. आणि मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीला कोणी चैन म्हणू नये. ती नसेल तर निम्मे गाव मैदानाबाहेरच राहील.

मग वाचवावे कोठे? कमानीत, छपरात, पाहुण्यांच्या सज्जात. हिरवळीचा हट्टही सोडावा; २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरून कसे चालेल? प्रेक्षक मातीच्या उतारावर बसतील. आपल्या लोकांनी जमिनीवर बसून कुस्त्या पाहिल्याच आहेत.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. असा धावपटू सज्जाच्या सावलीत घडत नाही; त्याला पायांखाली चांगली जमीन हवी. गावाने एवढे जरी नेटाने दिले, तरी बाकीचे पुढची पिढी बांधील.