भाषणस्वातंत्र्य आणि आपली मुले

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी संकोचाचा विषय काढीत आहोत, क्षमा असावी. कुमारवयीन मुले आपली विवस्त्र छायाचित्रे मोबाइलवरून एकमेकांस पाठवितात, ही गोष्ट आता परक्या घरची राहिलेली नाही.

"हे आमचे स्वातंत्र्य नव्हे काय?" असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरापायी अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. मतस्वातंत्र्याची बूज राखली गेली. परंतु त्याच कायद्याचे कलम ६७-ब कायम आहे. १८ वर्षांखालील मुलाचे अश्लील चित्र तयार करणे, पाठविणे, उतरवून घेणे हा त्याखाली गुन्हा होय; आणि चित्र स्वतःचे असल्यास सूट, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

आपल्या चेन्नईचाच दाखला घ्या. जानेवारी २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, असे साहित्य खाजगीत पाहणे हा गुन्हा नव्हे, असा निर्णय दिला. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. शिवाय अशा चित्रांना 'अश्लील साहित्य' न म्हणता बालकाच्या लैंगिक शोषणाचे साहित्य म्हणावे, असे बजावले. शाळांतून लैंगिक शिक्षण देण्याचाही विचार व्हावा, असे सुचविले.

म्हणजे कलमाच्या अक्षरानुसार चित्र पाठविणारे मूल गुन्हेगार ठरू शकते आणि निकालाच्या आशयानुसार ते पीडित आहे. या कात्रीत सापडलेल्या मुलाने जावे कोठे?

गावाकडे मन मोकळे करण्यास आजी असते, मावशी-आत्या असतात. येथे त्या नाहीत. "तुझ्या घरी सांगेन" हे धमकावणाऱ्याचे एक मोठे शस्त्र. मुलाने आधीच घरी सांगितले, तर ते बोथट होते. म्हणून मूल रडत आले तर "का पाठविलेस?" हा प्रश्न मागाहून, प्रथम "सांगितलेस, बरे केलेस" असे म्हणावे. पैसे देऊ नयेत, धमकीचे संदेश पुसू नयेत, चित्र कोणासही दाखवू नये. बालकांसाठीच्या १०९८ किंवा सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे.

पन्नास वर्षे या मंडळाने मुलांना मराठी बोलावयास शिकविले. आता ज्या गोष्टी बोलताना त्यांची जीभ अडखळते, त्या शांतपणे ऐकावयास आपण वडीलधाऱ्यांनी शिकू या.