पाण्याची ओढ
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'स्कूबा डायव्हर' अशी करून दिली, ती निम्मीच खरी आहे. बावन्नाव्या वर्षी शिकलो आणि आजवर वहीत ३१ डाइव्ह जमा आहेत. या खेळात ही बालवाडीच. पण आपल्यातले बरेचजण हल्ली तारकर्ली, मुरुडेश्वर, अंदमानला जाऊन पाण्यात उतरतात, म्हणून माझी एक फजिती सांगतो.

कोर्समध्ये प्रवाहावर एक धडा होता. परीक्षेत त्याची उत्तरं मी बरोबर दिली. पुढे मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर गेलो. बरोबर आपल्या 'ब' तुकडीतला एक डॉक्टर होता. तो समोरच बसलाय, नाव घ्यायचं नाही अशी त्याची अट आहे. तारीख आम्ही आमच्या रजेप्रमाणे ठरवली. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, म्हणजे ऐन उधाण. कोकणातला कोणताही खलाशी आधी तिथी विचारतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक मोठा, त्यामुळे पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी सुस्त. आम्ही मात्र फक्त रेल्वेचं आरक्षण पाहिलं होतं.

तेरा मीटरवर गेलो. माशांचा एक थवा दिसला, त्याच्या मागे निघालो. इतकं सहज पोहता येत होतं, की मनात म्हटलं, वा, जमलं आपल्याला! पोहत मी नव्हतोच, पाणी मला नेत होतं. मागे वळलो तेव्हा कळलं. जोरात पाय मारतोय आणि शेजारचा खडक आहे तिथेच! पाच-सहा मिनिटांत सिलिंडरचा काटा १३० वरून ९० वर आला. त्याहून वाईट म्हणजे श्वास पुरेना. नळीतून हवाच येत नाहीये असं वाटायला लागलं. हवा येत होती. पण दमल्यावर श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि जीव घाबरा होतो. माणूस तोंडातली नळी काढतो किंवा झपाट्याने वर सुटतो, तो याच क्षणी.

डॉक्टरने माझा दंड धरला आणि तळहात दाखवला : थांब. मला खाली, खडकाच्या आडोशाला नेलं. तिथे पाणी जवळजवळ स्तब्ध होतं. तळाशी आणि खडकामागे ओढ कमी असते, हे त्या धड्यात होतंच. उघडा खडक बघून धरला. प्रवाळाला हात लावायचा नसतो, आणि दगडासारखे दिसणारे विषारी मासेही असतात. दहा-बारा लांब श्वास घेतल्यावर डोकं ठिकाणावर आलं. मग गाइडने खूण केली : परत जायचं नाही, वाहत वर जायचं. त्याने नारंगी फुगा वर सोडला, आम्ही सावकाश चढलो, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. वर आलो तर नांगराचा दोर कुठल्या कुठे! पण तांडेलाने फुगा पाहिला होता, होडी आमच्याकडेच येत होती.

प्रवाहाचा वेग एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. रमतगमत चालणारा माणूसही याहून वेगात जातो. पण पाठीवर सिलिंडर घेऊन त्याविरुद्ध फार वेळ पोहणं चांगल्या पोहणाऱ्यालाही झेपत नाही. आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो.

ओळखायचं कसं? उडी मारण्याआधी नांगराचा दोर बघा. तो ताणून तिरका झाला असेल आणि होडीमागे पाणी कापल्यासारखी रेघ दिसत असेल, तर विचारा. खाली गेल्यावर मासे बघा. ते प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी पोहतात. मऊ प्रवाळ एकाच बाजूला झुकलेलं दिसतं. आपले बुडबुडे सरळ वर न जाता तिरके जातात. मी त्या दिवशी हे सगळं पाहिलं होतं, फोटोही आहेत! त्याचा अर्थ मात्र लावला नाही. आता उतरल्यावर आधी मिनिटभर काही न करता थांबतो, पाणी कुठे नेतंय ते पाहतो आणि पहिला निम्मा वेळ त्याच्या विरुद्ध दिशेने, तळालगत जातो. दमल्यावर परतताना पाणी आपल्या बाजूने असतं.

खरं तर आपण कृष्णेत पोहायला शिकलेली माणसं. चढत्या पाण्यात वरच्या घाटाला शिरायचं आणि तिरकं कापत खालच्या घाटाला लागायचं, हे आपल्याला चौदाव्या वर्षी येत होतं. समोरचाच घाट धरीन म्हणणाऱ्याला थोरली मुलं शिव्या घालायची. तेरा मीटर खाली मला त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही.

होडीवर चढल्यावर डॉक्टर पहिलं वाक्य काय बोलला, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. बाई समोर बसल्या आहेत. जेवताना त्यालाच विचारा.